उतरायचं आधी, चढायचं मग

इंदुरात जन्म काढलेल्या माणसाला विंध्य कुठे आहे असं विचारलं, तर तो क्षणभर गोंधळतो. पुण्याच्या माणसाला सिंहगड गच्चीवरून दिसतो. आमच्या गच्चीवरून दिसतात त्या रालामंडल आणि देवगुराडियाच्या टेकड्या, आणि बाकी सगळीकडे काळ्या जमिनीचं सपाट क्षितिज. पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत गहू आणि लसूण, आणि दर वर्षी त्यात थोड्या आत सरकलेल्या नव्या कॉलन्या. डोंगर दिसत नाही, कारण आपण त्याच्या पाठीवरच राहतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. दक्षिणेला मंडलेश्वरला नर्मदेच्या काठी ती उंची दीडशेच्या आसपास उरते. मधले चारशे मीटर कुठेतरी एकदम उतरायला लागतात, आणि ते जिथे उतरतात तोच आमचा विंध्य.

लहानपणी अगस्तीची गोष्ट ऐकलेली असते. विंध्य वाढत वाढत सूर्याची वाट अडवायला निघाला, अगस्ती उत्तरेकडून आले, विंध्य वाकला, आणि "मी परत येईपर्यंत असाच रहा" असं सांगून ऋषी दक्षिणेला निघून गेले ते गेलेच. ही गोष्ट रचणाऱ्याने विंध्य उत्तरेकडून, माळव्याच्या बाजूने पाहिला असणार असं मला नेहमी वाटतं. या बाजूने तो खरोखर वाकलेलाच आहे. चालता चालता कधी त्याच्या माथ्यावर आलो हे कळत नाही. खालून, नर्मदेच्या खोऱ्यातल्या निमाडातून मात्र तो सरळ भिंतीसारखा उभा दिसतो. एकाच डोंगराची ही दोन रूपं एका सकाळीत शरीराला कळावीत, यासाठी सायकलइतकं चांगलं साधन मला माहीत नाही. मोटारीत बसून हेच रस्ते मी अर्धं आयुष्य केले होते, महेश्वरला पाहुणे घेऊन, ओंकारेश्वरला श्रावणात. तेव्हा "आता घाट लागेल हं" एवढंच कळायचं.

सायकलवर घाट फार आधी सुरू होतो. महू सोडून मंडलेश्वरच्या रस्त्याला लागलं की रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो. दोन्हीकडे शेतं, मधूनच शिंदीची झाडं, एखादं पळसाचं बन. पण वेग ताशी दोन-तीन किलोमीटरने पडलेला असतो आणि मांड्या काहीतरी वेगळं सांगत असतात. आपण वाऱ्याला दोष देतो, चाकात हवा कमी आहे का म्हणून थांबून टायर दाबून बघतो. हा फसवा चढ. पठार आपल्या कडेकडे जाताना हळूहळू उचललं गेलंय. म्हणून तर कडेच्या या बाजूला पडलेलं पाणी दक्षिणेला, हाकेच्या अंतरावरच्या नर्मदेकडे जात नाही, उत्तरेला वळतं. आमच्या राजवाड्याजवळून वाहणारी कान्ह नदी क्षिप्रेत जाते, क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत, आणि शेवटी ते पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं. कडेच्या पलीकडे वीतभर अंतरावर पडलेला थेंब चोरल किंवा कारम नदीतून नर्मदेत आणि अरबी समुद्रात. मोटारीत बसलेल्याला हा पाणलोट कळणं शक्य नाही. सायकलवर तो गुडघ्यांना कळतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते जानापावला. मानपूरच्या अलीकडे आग्रा-मुंबई रस्ता सोडून वर जाणारा फाटा आहे. उंची 854 मीटर, म्हणजे इंदूरपेक्षा तीनशे मीटर वर, आणि त्यातला मोठा वाटा शेवटच्या थोड्याशा अंतरात. वळणांवर रस्ता असा उभा राहतो की पुढचं चाक हलकं वाटायला लागतं आणि अंग हँडलवर झुकवावं लागतं. वर जमदग्नींचा आश्रम आणि परशुरामाचं ठिकाण म्हणून मानलेलं मंदिर आहे. कार्तिक पौर्णिमेला जत्रा भरते. आणि एक कुंड आहे. इथून साडेसात नद्या निघतात असं इथले लोक सांगतात. अर्धी नदी कोणती, यावर मी दोन जणांकडून दोन वेगवेगळी उत्तरं ऐकली आहेत. पण चंबळ इथली, यावर एकमत. पुढे जवळपास 960 किलोमीटर जाऊन, राजस्थानात दऱ्या कापून, इटावा जिल्ह्यात यमुनेला भेटणारी नदी इथे एका शांत डोंगरमाथ्यावरून सुरू होते. मी पहिल्यांदा घामेजलेल्या हाताने त्या कठड्याला धरून उभी राहिले, तेव्हा काही वेळ बोलायलाच सुचलं नाही. उगमाला गाडीने जाणं आणि उगमापर्यंत चढून जाणं यात फरक आहे. चढून आलेल्या माणसाला पाणी खाली का जातं हे नव्याने पटतं.

माझा पुतण्या सध्या माझा जोडीदार. त्याच्या पिढीला 200 किलोमीटरच्या बीआरएमचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीचं, वेड आहे, साडेतेरा तासांत पूर्ण करायची, कार्डावर शिक्के मारून घ्यायचे. चांगलं वेड आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण मला स्वतःला एकच रस्ता वर्षभर करण्यात जास्त रस आहे, आणि तो रस्ता महू-मंडलेश्वर वाटेवरच्या जाम घाटाचा.

घाटाच्या माथ्यावर जाम दरवाजा उभा आहे, अहिल्याबाईंच्या काळातला, काळ्या दगडात बांधलेला. रस्त्याने येताना तो पुढे किल्ला असल्यासारखा दिसतो, पण मागे किल्ला नाही. नुसता दरवाजा, आणि त्यापलीकडे मोकळी हवा. आत जिन्याने वर गेलं की दक्षिणेकडच्या झरोक्यातून निमाड पसरलेला दिसतो, खालच्या टेकड्या, शेतांचे तुकडे, आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेच्या बाजूचा धुरकट पट्टा. या दगडांना मी हात लावून बघते दर वेळी. उत्तरेकडची बाजू डिसेंबरात सकाळी नऊ वाजताही बर्फासारखी गार असते आणि दक्षिणेकडची तोवर कोमट झालेली असते. पावसाळ्यात दरवाजा ढगात बुडतो. तेव्हा शनिवार-रविवारी इथे अर्धं इंदूर लोटतं, भाजलेले भुट्टे आणि मॅगीच्या गुमट्या लागतात, गाड्यांच्या रांगा. सायकलवाल्याने पावसाळ्यातला रविवार सोडून द्यावा. मधल्या वारी या, दरवाजा तुमचा.

दरवाजाच्या पुढे रस्ता कोसळतो. पहिल्या वळणाआधी थांबून मी नेहमी ब्रेकचे दोन्ही लिव्हर दाबून बघते, हेल्मेटचा पट्टा ओढून बघते, आणि पुतण्याला पुढे जाऊ देते. घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवला तर रिम तापते. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, ठामपणे, आणि वळणात सोडलेले, ही सवय हातांना लावून घ्यावी लागते. नजर वळणाच्या शेवटाकडे. पावसानंतर वळणांच्या आतल्या बाजूला बारीक खडी साचते, ती टायरखाली गेली की सायकल सरकते. माकडं बसलेली असतात कठड्यावर, आणि एखादी म्हैस रस्त्याच्या मधोमध अगदी निवांत. उताराचा आनंद वेगात आहे असं पहिल्या वर्षी वाटतं. मला आता तो बदलत्या हवेत वाटतो. प्रत्येक वळणाला हवा थोडी जाड होते, थोडी ऊबदार. माळव्यातल्या गव्हाचा वास मागे पडतो, कोरड्या पानांचा येतो, साग सुरू होतो, आणि मार्च असेल तर पळस असा पेटलेला असतो की पॅडल मारायचं विसरून जावं. खाली उतरलं की कापसाची शेतं, लाल मिरच्या वाळत घातलेली अंगणं. बोलीसुद्धा बदलते. वर माळवी, खाली निमाडी. चारशे मीटरमध्ये एक देश संपून दुसरा सुरू होतो.

आणि इथेच इंदूरच्या सायकलस्वाराची खरी परीक्षा आहे. बहुतेक गावांत लोक डोंगर चढून जातात आणि थकल्यावर उतरत घरी येतात. आमचं उलटं. घर वर आहे. सकाळी ताजेतवाने असताना उतार, आणि ऊन चढल्यावर, बाटल्या अर्ध्या झाल्यावर, चढ. पुतण्या खाली पोचला की हमखास म्हणतो, "काकू, चला ना मंडलेश्वरपर्यंत, नदीत पाय बुडवून येऊ." आणि मी हमखास विचारते, "परत येताना किती वाजतील सांग." घाट किती उतरायचा हे पायांच्या उत्साहावरून ठरवायचं नसतं, परतीच्या उन्हावरून ठरवायचं. निमाडात एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि घाटाची ही बाजू दक्षिणेला तोंड करून आहे, म्हणजे दिवसभराचं ऊन तिच्यावर. फेब्रुवारी संपला की आम्ही नर्मदेपर्यंत जात नाही. नऊच्या आत दरवाजाशी परत, हा नियम.

चढासाठी गिअरचं थोडं गणित सांगते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. इंदुरात फिरायला म्हणून घेतलेल्या कितीतरी रोड बाइकच्या मागच्या चाकाला सगळ्यात मोठी चकती 25 किंवा 28 दातांची असते. शहरात आणि बायपासवर ती पुरते. घाटात ताशी 8 किलोमीटरने चढत असाल, पुढे 34 आणि मागे 25 दात असतील, तर पॅडलच्या मिनिटाला जेमतेम 47 फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक फेरीला अख्खं वजन पायावर, आणि गुडघ्याची वाट लागते. मागे 32 दात असले तर त्याच वेगाला 60 फेऱ्या. फरक ऐकायला लहान आहे, गुडघ्याला फार मोठा. कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून घ्या, आणि त्या मापाला मागचा डिरेलर, म्हणजे साखळी सरकवून गिअर बदलणारा भाग, चालतो ना एवढं मेकॅनिककडून बघून घ्या. चाकं हलकी घेण्याआधी हे करा. आणि खा. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरले, तर चारशे मीटर वर उचलायचं निव्वळ काम 330 किलोज्यूलच्या पुढे जातं. शरीरात जळणाऱ्या इंधनाचा साधारण चौथा भागच कामाला लागतो, त्यामुळे सव्वातीनशे-साडेतीनशे कॅलरी फक्त उंचीवर खर्च होतात. अंतर वेगळं, वारा वेगळा. इंदूरचा माणूस सकाळी पोहे खाऊनच निघतो हे आपलं भाग्य. वर सेव आणि जीरावण मसाला घालून घ्या, घामात गेलेलं मीठ भरून निघतं.

मी चढताना एक गोष्ट आठवते, तिचा मला खूप आधार होतो. इंदूर पितं ते पाणीही हाच चढ चढून येतं. मंडलेश्वरजवळच्या जलूदला नर्मदेतून पाणी उचलायचं, पंपांनी टप्प्याटप्प्याने विंध्याची कड चढवून महूजवळच्या वांचू पॉइंटला आणायचं, आणि तिथून पुढे इंदूरपर्यंत उताराने सोडायचं. सत्तर किलोमीटरचा प्रवास, आणि 1978 पासून चालू. इंदुरात हे पाणी यावं म्हणून लोकांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केलं होतं, आमच्या घरातली मोठी माणसं त्याबद्दल अजून बोलतात. त्यामुळे माझ्या सायकलच्या पिंजऱ्यात अडकवलेली बाटली म्हणजे निमाडातून चारशे मीटर वर आणलेली नर्मदा, आणि मी ती पुन्हा तिच्या गावाकडे उतरवत असते. नळ उघडताना हे कधी मनात यायचं नाही. घाट चढायला लागल्यापासून मी घरी पाणी वाया घालवू देत नाही कोणाला.

आमची माणसंही अशीच वर आली. 29 नोव्हेंबर 1728 ला चिमाजीअप्पांनी अमझेऱ्याला लढाई जिंकली आणि माळव्याचा दरवाजा मराठ्यांना उघडला. नर्मदा ओलांडायची आणि विंध्याचे घाट चढायचे, दुसरा मार्गच नव्हता. फौजा आल्या, मागोमाग कारकून, भिक्षुक, कासार, सोनार, गवई. आमचे खापरपणजोबा होळकरांच्या चाकरीत आले ते रेल्वेच्या आधी, बैलगाडीने. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली एकच आठवण त्या प्रवासाची उरली आहे: घाट लागला की बायका-मुलं गाडीतून उतरायची आणि बैलांचा भार हलका व्हावा म्हणून चालायची, आणि एक माणूस दगड हातात घेऊन चाकामागून चालायचा, बैल दमले की चाकाखाली लावायला. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले. पण जाम घाटातल्या एका वळणावर, श्वास लागून पाय टेकले आणि सायकल मागे जाऊ नये म्हणून ब्रेक दाबून धरला, तेव्हा तो दगड हातात घेतलेला माणूस मला पहिल्यांदा दिसला.

रेल्वेलाही हा घाट सोपा गेला नाही. खंडव्यापासून इंदूरला लोहमार्ग यावा म्हणून दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, आणि होळकर स्टेट रेल्वे 1870 च्या दशकात उभी राहिली. काळाकुंड ते पाताळपाणी हा तिचा सगळ्यात अवघड भाग, बोगदे, दरीवरचे पूल, आणि 40 ला 1 असा चढ. म्हणजे अडीच टक्के. सायकलवाल्याला अडीच टक्के म्हणजे गप्पा मारत चढण्याची गोष्ट, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर तेवढ्यानेही घसरतं, म्हणून गाडीला मागून आणखी इंजिन लावावं लागे. आता त्या तुकड्यावर हेरिटेज गाडी चालते. पाताळपाणीला तंट्या भिल्लाचं छोटं देऊळ आहे. निमाडचा हा तंट्या मामा, गरिबांचा कैवारी म्हणून पूजला जाणारा. इंग्रजांनी त्याला डिसेंबर 1889 मध्ये जबलपूरला फाशी दिलं. गाडी त्याच्या ठाण्याशी क्षणभर थांबून पुढे जायची, अशी इथली रीत. आम्ही सायकलीही तिथे थांबवतो.

काळाकुंडला जायचं तर चोरलच्या बाजूने कच्चा रस्ता आहे, अरुंद टायरच्या सायकलीने जाऊ नये, पण मोठ्या टायरची असेल तर जरूर जा. स्टेशनावर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो. दाणेदार, फार गोड नाही, आणि पानाचा किंचित तुरट वास त्याला लागलेला. मुलं डब्याच्या खिडकीशी ते पुडे घेऊन धावायची, तेव्हा मीटर गेजची गाडी खंडव्याकडे जात असे. आता गाडी ठरावीक, गिऱ्हाईक ठरावीक. सायकलवाला तिथे पोचला की कलाकंद विकणाऱ्या मावशी आधी बसायला खुर्ची देतात, मग विचारतात, "इतनी दूर से, सायकल पे?" आणि दुसरा पुडा थोडा जास्त भरून देतात.

एक गोष्ट बायकांसाठी लिहितेय. घाटात मी एकटी जात नाही, आणि उजाडायच्या आत घाट गाठत नाही. उजाडताना महू, कोवळ्या उन्हात दरवाजा, असा हिशेब ठेवते. चार-पाच जणी मिळून निघालात तर फारच उत्तम. टिळकनगर, रामबाग, सुदामानगर, कुठूनही निघा, महूत एकत्र व्हा. घरचे आधी काळजी करतात, नंतर तेच विचारायला लागतात की या आठवड्यात गेली नाहीस का.

आग्रा-मुंबई रस्त्याच्या घाटात मात्र सायकल घालू नका. चौपदरी रस्ता गुळगुळीत आहे, पण गणपती घाटात उतारावर ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन किती जीव गेले आहेत ते इंदुरात सगळ्यांना माहीत आहे. सायकलीला जुने, अरुंद, वळणांचे घाट हवेत, जिथे मोठी वाहनं आपोआप हळू होतात. आणि त्यातला एक आत्ता मोक्याच्या जागी आहे. सिमरोल-चोरलकडचा भेरूघाट. खंडवा रस्ता चौपदरी होतोय, त्यासाठी डोंगरातून बोगदे काढले आहेत. अवजड वाहतूक बोगद्यांतून गेली की जुन्या घाटावरचे डंपर कमी होतील. तो जुना रस्ता तसाच सोडून दिला तर चार पावसाळ्यांत दरडी आणि झुडपांनी बंद होईल. दर वर्षी पावसाळ्याआधी गटारं मोकळी केली, उन्हाळ्याआधी खड्डे बुजवले, आणि वरून-खालून अवजड वाहनांना बंदीचा फलक लावला, तर इंदूरपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर सायकलस्वारांना, चालणाऱ्यांना आणि ओंकारेश्वरला पायी कावड घेऊन जाणाऱ्यांना एक अख्खा घाट मिळेल. आम्ही काही जण याबद्दल अर्ज तयार करतोय. ज्यांनी तो घाट चढलाय त्यांनी सही करायला यावं, आणि ज्यांनी अजून चढला नाही त्यांनी आधी एकदा चोरलच्या पुलापासून वर यावं.